पाचवीचे वर्ष: प्राथमिक शाळा सोडण्यापूर्वी पालकांनी कशाकडे लक्ष द्यावे?

वारणाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यातील एका लहान गावात राहतो. माझी मुलगी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकते आणि जून २०२६ मध्ये पाचवीत जाईल. शाळेत पाचवीपर्यंतच वर्ग आहेत, त्यामुळे त्यानंतर तिला चार किलोमीटरवरच्या हायस्कूलमध्ये किंवा तालुक्याच्या गावी घालावे लागेल. हे शेवटचे वर्ष कसे काढावे याबद्दल प्रत्येक जण वेगळे सांगतो. कोणी म्हणते की पाचवी म्हणजे स्कॉलरशिपचे वर्ष, कोणी नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या प्रवेश चाचणीचा क्लास लावायला सांगते, तर शेजारच्या वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे आता पाचवीतही मुलांना नापास करतात. भरीस भर म्हणून तालुक्यातील एका खाजगी शाळेने सहावीच्या प्रवेशासाठी लेखी चाचणी आणि पालकांची मुलाखत घेतली जाईल असे तोंडी सांगितले आहे. मुलीचे वाचन चांगले आहे, परंतु भागाकार आणि अपूर्णांक यांत ती अडखळते. यांतले खरे काय, आणि या वर्षात आम्ही नेमके काय करावे?

खडूफळा

ताई, मी जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आहे. आपल्या प्रश्नात तीन-चार गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या आधी सुट्या करतो.

शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीला असे. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला गेली. शासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. २०२५-२६ या बदलाच्या वर्षात दोन्ही स्तरांच्या परीक्षा ठेवल्या आणि २०२६-२७ पासून चौथी व सातवीच राहते. म्हणजे आपल्या मुलीच्या पाचवीत ही परीक्षा नाही. त्यासाठी कोणी जाडजूड मार्गदर्शक पुस्तके विकत घ्यायला सांगत असेल तर ते पैसे वाचवावेत.

नापास करण्याची गोष्ट मात्र खरी आहे, पण वहिनींनी ती अर्धीच ऐकलेली दिसते. केंद्राने २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती केली, त्यानंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. पाचवीत प्रथम भाषा, तृतीय भाषा (मराठी माध्यमासाठी इंग्रजी), गणित आणि परिसर अभ्यास या विषयांची प्रत्येकी ५० गुणांची परीक्षा असते आणि उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के, म्हणजे १८ गुण लागतात. मूल एखाद्या विषयात मागे राहिले तर शाळेने त्याला पूरक मार्गदर्शन करायचे असते आणि मग पुनर्परीक्षा होते. तीतही ते उत्तीर्ण झाले नाही तरच त्याला पाचवीत ठेवले जाते, आणि तेव्हाही शाळेतून काढता येत नाही. नियमित शाळेत येणाऱ्या मुलाला हे गुण अवघड नसतात. धोका असतो तो ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतील, दीर्घ काळ गैरहजर राहणाऱ्या मुलांना, आणि खरे तर त्यांच्याबद्दल गावाने अधिक काळजी करायला हवी.

खाजगी शाळेच्या चाचणीविषयी स्पष्टच सांगतो: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेश देताना बालकाची किंवा पालकांची कोणतीही छाननी करता येत नाही आणि देणगीही घेता येत नाही. छाननीसाठी पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही अट लेखी मागा. बहुतेक शाळा लेखी द्यायला तयार होत नाहीत आणि विषय तिथेच थांबतो. न थांबल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

आता ज्या गोष्टीकडे पालक सहसा वळतच नाहीत ती. दिवाळीच्या सुटीपूर्वी शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधील आपल्या मुलीची नोंद पाहण्याची विनंती करा. तिचे, आईचे व वडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ ही जन्मदाखला व आधार कार्डाशी, आणि जातीची नोंद घरातील जात प्रमाणपत्राशी, अक्षरशः ताडून पाहा. शाळा सोडल्याचा दाखला याच रजिस्टरवरून लिहिला जातो, तोच पुढच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये उतरतो आणि पुढे दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत तीच नोंद चालते. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्तीचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत पाठवणे तुलनेने सोपे असते. दाखला निघाल्यावर त्याच कामासाठी दोन शाळा आणि शिक्षणाधिकारी कार्यालय असे हेलपाटे सुरू होतात. जात प्रमाणपत्र आणि पडताळणीच्या वेळी प्राथमिक शाळेची नोंद किती महत्त्वाची ठरते हे ज्यांनी ती फाईल केली आहे त्यांनाच ठाऊक.

पलूसकर पालक

खडूफळा सरांनी नवोदयचा विषय सोडला आहे, म्हणून लिहितो. माझा मुलगा पलूसच्या जवाहर नवोदय विद्यालयात शिकतो.

सहावीच्या प्रवेशाची ही निवड चाचणी पाचवीत शिकत असतानाच आणि एकदाच देता येते. मूल ज्या जिल्ह्यात पाचवी शिकते त्याच जिल्ह्यातील विद्यालयासाठी अर्ज करायचा असतो. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात. त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण शाळेत पूर्ण झालेली असावी लागतात. आपण केवळ पाचवीसाठी मुलीला शहरातील शाळेत हलवण्याचा विचार करत असाल तर एवढे आधी लक्षात घ्यावे. किमान एकतृतीयांश जागा मुलींसाठी आहेत. प्रश्नपत्रिका मराठीतून मिळते: ८० प्रश्न, १०० गुण, २ तास, त्यांत निम्मे गुण बुद्धिमत्ता चाचणीचे, उरलेले अंकगणित आणि भाषा यांत समसमान वाटलेले. अर्ज साधारण पावसाळ्यात निघतात, त्यामुळे शाळा उघडताच चौकशी सुरू करावी.

क्लास लावावा का, या प्रश्नावर माझे मत असे की एका जिल्ह्यात जास्तीत जास्त ८० जागा असताना वर्षभराची फी भरून दहा वर्षांच्या मुलाला रोज चार तास बसवणे हा हिशेब जुळत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका घरी सोडवून घ्याव्यात. त्याहून मोठा प्रश्न असा की सहावीत मूल वसतिगृहात राहू शकेल का? नववीत काही विद्यार्थ्यांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषिक प्रदेशातील नवोदयमध्ये पाठवतात, आणि आठवी-नववीपासून शिक्षणाचे माध्यम इंग्रजी-हिंदीकडे जाते, हेही अर्ज भरण्यापूर्वी घरात सर्वांना माहीत असलेले बरे. आमच्याकडे आजीला हे नववीत कळले आणि आठवडाभर घरात अबोला होता.

गणितवेडी

मी हायस्कूलमध्ये पाचवी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवते, त्यामुळे माझे म्हणणे भागाकारापुरतेच. सहावीत आल्यावर परिसर अभ्यासाची जागा सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र आणि भूगोल हे स्वतंत्र विषय घेतात, आणि एका गुरुजींऐवजी प्रत्येक तासाला वेगळे शिक्षक येतात. मुले हे दोन महिन्यांत स्वीकारतात. मात्र ज्यांचा भागाकार आणि अपूर्णांक कच्चा असतो ती गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी आणि नफा-तोटा या प्रकरणांत लागोपाठ अडकतात, आणि त्या वेळी मागे जाऊन शिकवायला वर्गात सवड नसते. म्हणून पाचवीत इतर सर्व बाजूला ठेवून पाढे, दोन अंकी संख्येने भागाकार आणि सममूल्य अपूर्णांक एवढे पक्के करून घ्यावे. रोज वीस मिनिटे, वहीत, घरातल्या कोणीही बसून. भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक दाखवण्यात कमीपणा मानू नये. मी वर्गातही कागदाच्या घड्या घालूनच सुरुवात करते.

सेमी इंग्रजीचे आकर्षण असल्यास एक गोष्ट विचारून घ्यावी. काही शाळांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याची सुरुवात पाचवीतच झालेली असते, तर काहींत सहावीत. पाचवीत सुरू झालेल्या तुकडीत आपली मुलगी सहावीत गेली तर एका वर्षाची इंग्रजी संज्ञांची तूट तिला उन्हाळ्यात भरून काढावी लागेल. ती भरता येते, पण त्याची कल्पना आधी असावी.

वारणाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. नवोदयचा अर्ज भरायचा की नाही हे मुलीशी बोलून ठरवू. हायस्कूलचा रस्ता उसाच्या शेतांतून जातो आणि संध्याकाळी सायकलवरून एकटीने येणे आम्हाला योग्य वाटत नाही. एसटीची सोय कशी असते? आणि दाखला मिळायला उशीर झाला तर प्रवेश अडतो का?

खडूफळा

ग्रामीण भागातील मुलींना शाळेत जाण्या-येण्यासाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. तो नव्या शाळेच्या शिफारशीवर आगारातून घ्यावा लागतो, म्हणून प्रवेशाच्या दिवशीच त्याचा अर्ज मुख्याध्यापकांकडे द्यावा. गाडीची वेळ आणि शाळा सुटण्याची वेळ मात्र जुळत असेलच असे नाही. ती जुळत नसल्यास तीन-चार गावांतील पालकांनी मिळून शाळेच्या पत्रासह आगार व्यवस्थापकांना भेटावे. एकट्याच्या अर्जापेक्षा अशा अर्जाची दखल लवकर घेतली जाते असा माझा अनुभव आहे.

दाखल्याअभावी प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट आहे, आणि जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी तो मागताक्षणी देणेही बंधनकारक आहे. कागदी दाखल्याबरोबर शासनाच्या विद्यार्थी नोंदणीच्या पोर्टलवरही मुलीची नोंद नव्या शाळेकडे जावी लागते: नवी शाळा विनंती पाठवते आणि जुनी शाळा ती मान्य करते. जूनच्या अखेरीस दोन्ही शाळांत एकदा विचारून ती गेली आहे याची खात्री करावी, कारण नोंद जुन्याच शाळेत राहिली तर नव्या शाळेतील पटावर, पाठ्यपुस्तकांच्या संख्येत आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांत तिचे नाव येत नाही.