नाचणीचं सत्व २१२, भाकरी-पिठलं १५८. हे कसं काय?

मंगळवेढ्याची_लेक
नमस्कार मंडळी. वय ५४, शुगर निघून दोन वर्षं झाली, सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी चालू आहे. दिवाळीत लेकीने ग्लुकोमीटर घेऊन दिला, तेव्हापासून स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झालीय. पट्ट्या महाग, त्यामुळे आठवड्याला चारच वापरते, पण वहीत सगळं लिहून ठेवते.

मैदा बंद, पांढरा भात फक्त रविवारी. सगळे म्हणाले नाचणी खा, म्हणून सकाळी वाटीभर नाचणीचं सत्व दुधात शिजवून घेते. साखर नाही, गूळ नाही. पहिल्या घोटापासून बरोबर दोन तासांनी बोट टोचलं तर २१२! मला वाटलं पट्टी खराब. चार दिवसांनी पुन्हा केलं, २०७. ब्राउन ब्रेडचे दोन स्लाइस आणि चहा, १९८. आणि ज्या जेवणाची मला धास्ती होती ते, म्हणजे ज्वारीची दीड भाकरी, पिठलं, मेथीची भाजी, कांदा, त्याला १५८.

दुसरं म्हणजे भूक. सत्व घेतलं की अकराला पोटात कावळे. डबा उघडून शेंगदाणे, मग अजून शेंगदाणे. भाकरीच्या दिवशी दीडपर्यंत जेवणाची आठवणसुद्धा होत नाही. दोन्ही अख्खी धान्यंच ना? मग असं का?

नाना_बारामतीकर
ताई, डोक्याला ताप करून घेऊ नका. माझ्या साडूने गहू पूर्ण सोडला, नुसती ज्वारी खाल्ली, तीन महिन्यांत गोळ्या बंद. २०२३ तर मिलेट वर्ष होतं, उगाच का साजरं केलं?

ताटवाटी
नाना, साडूंनी गोळ्या स्वतःच्या मनाने बंद केल्या की डॉक्टरांनी, ते आधी विचारा. ताई, तुम्ही मात्र वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तोवर गोळीला हात लावू नका.

मी आहारतज्ज्ञ आहे, तुमच्यासारख्या वह्या रोज बघते. ज्वारी काही जादू करत नाही. शंभर ग्रॅम पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, गव्हातही जवळपास तेवढीच. तुमच्या ताटात फरक पाडला तो पिठल्याने आणि मेथीने. डाळीच्या पिठातली प्रथिनं, फोडणीचं तेल आणि भाजीचा चोथा यांच्यामुळे जठरातून घास पुढे सरकतो तो सावकाश, आणि साखर रक्तात थेंबथेंब उतरते. भूकही म्हणूनच लांबते. सत्वाबरोबर काय होतं? वाटीभर दूध.

ब्राउन ब्रेडचं तर विचारूच नका. पाकिटामागे घटक वाचा, पहिला शब्द मैदा असेल तर तो रंगवलेला पांढरा ब्रेडच. आणि खराखुरा अख्ख्या गव्हाच्या पिठाचा असला तरी? टोरांटोच्या डेव्हिड जेंकिन्स यांनी १९८१ मध्ये ग्लायसेमिक इंडेक्सची, म्हणजे कोणता पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो ते शुद्ध ग्लुकोजला १०० धरून मोजायची, पद्धत मांडली. त्या पद्धतीने केलेल्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढरा ब्रेड ७५ आणि अख्ख्या गव्हाचा ७४. शिजवलेले जव मात्र २८. ओट्सचंही तेच, साधे चपटे ओट्स शिजवले तर ५५ आणि झटपटवाले ७९. धान्य बदललेलं नाही, ते किती बारीक केलं ते बदललंय.

गिरणीवाला
मी डॉक्टर नाही, पण ३१ वर्षं पीठ दळतोय, म्हणून बोलतो.

ताई, सत्व हे अख्खं धान्य नव्हेच. ते घरी करताना बघितलंय ना? नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाटायची आणि फडक्यातून गाळायची. साल, कोंडा फडक्यात राहतो, तो गाईला. खाली बसतो तो पांढरा साका, तेच तुमचं सत्व. बाळाला पचावं म्हणून केलेला पदार्थ तो. जे बाळाला पटकन पचतं ते तुमच्या रक्तातही पटकनच जाणार.

दुसरं, लोक गिरणीत येतात आणि म्हणतात, "अगदी बारीक दळा, मैद्यासारखं." मी मनात म्हणतो, मग मैदाच घ्या की. भाकरीला बारीक पीठ लागतं हे मान्य, जाडसर दळलं तर थापताना चिरते आणि फुगत नाही. पण रोज भाकरीच कशाला? आमच्या आजीकडे रात्री ज्वारीच्या कण्या असायच्या. दाणा पिठाइतका दळायचा नाही, नुसता भरडायचा, पीठ चाळून काढायचं आणि वरची कणी शिजवायची, ताकाबरोबर. हल्ली वर्षात कोणी एक गिऱ्हाईक भरडून मागतं. त्याच्यासाठी दगड ढिला करायचा, दुसरं काही नाही.

ताटवाटी
गिरणीवाले, तुम्ही माझं अर्धं काम केलंत. १९८८ मध्ये ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी नेमकं हेच तपासलं होतं. तोच गहू अख्खा, भरडलेला, जाड दळलेला आणि बारीक दळलेला असा खायला दिला. दळण जसजसं बारीक, तसतसं इन्शुलिन जास्त लागलं.

आणि रात्रीच्या कण्यांवरून आठवलं. स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठात लोकांना रात्री अख्खे जव खायला घातले, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या न्याहारीनंतरची साखरही कमी चढली. न पचलेला चोथा रात्रभर आतड्यातले जंतू आंबवतात, त्यातून तयार होणाऱ्या आम्लांचा हा परिणाम असावा असं ते मानतात. पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरकंही वाढलेली दिसली. ही माणसं निरोगी होती, तेव्हा आकडे जसेच्या तसे स्वतःला लावू नका.

एक मात्र लक्षात ठेवा, घरचा मीटर पंधरा टक्के इकडेतिकडे दाखवू शकतो. १५८ आणि १७० यांत भांडण लावू नका. १५८ आणि २१२ यांत लावा.

मंगळवेढ्याची_लेक
आठ दिवसांनी येतेय. सत्व नातवाच्या डब्यात गेलं. गिरणीत दोन किलो मालदांडी ज्वारी भरडून मागितली, तर पोऱ्या म्हणाला, "आजी, कोंबड्यांना का?"

रात्री कण्या आणि मुगाची आमटी, दोन तासांनी १५१. दोनदा केलं, दुसऱ्यांदा १६४. वाटी मात्र मोजून एकच, दुसरी घ्यायचा मोह झाला होता. सकाळी सत्वाऐवजी उरलेल्या कण्या फोडणीला टाकल्या, दाणे आणि कोथिंबीर घालून, वर दही. साडेबारापर्यंत भूक नाही. शेंगदाण्यांचा डबा आठवडाभर तसाच आहे. आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी ताटाकडे बघून "आज उपास आहे का?" विचारलं, तिसऱ्या दिवशी लोणचं मागितलं.

आता अडचण एकच, तासभर गॅस जळतो आणि तरी मधला दाणा टणक राहतो.

गिरणीवाला
सकाळीच भिजत घाला. पाणी तिप्पट, चिमूटभर मीठ, कुकरला पाच शिट्ट्या आणि मग बारीक गॅसवर दहा मिनिटं. दाणा थोडा दाताखाली आलाच पाहिजे, गुरगुट्या भात करायचा नाही. आणि दोन किलो एकदम भरडू नका, पावसाळ्यात पोरकिडा होतो.