बॉक्सर माइक टायसन १९८८ नंतर रिंगमध्ये नेमका कुठे चुकला?

लालबागचा_डावखुरा: व्यायामशाळेतली पोरं १९८८ मध्ये टायसनने मायकेल स्पिंक्सला आडवं केलं ते ९१ सेकंद मोबाइलवर पुन्हापुन्हा बघतात आणि म्हणतात, टायसनसारखा हेवीवेट झालाच नाही. २० वर्षं ४ महिन्यांचा असताना जगज्जेता, मान्य. पण २३ व्या वर्षी टोकियोत डग्लसने झोपवला की! तुरुंग, प्रमोटर डॉन किंग वगैरे सगळ्यांना माहीत आहे. खेळात काय बिघडलं ते सांगा.

कोपऱ्यातला_स्टूल: डोकं हलायचं थांबलं. त्याची शैली पीकाबू, म्हणजे मुठी गालांना, कोपरं बरगड्यांना. ५ फूट १० इंचांच्या माणसाला समोरच्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, चुकवतच आत शिरावं लागतं. त्याचे गुरू कस डिमाटो यांच्या जिममध्ये त्यासाठी वाळूची छोटी पिशवी दोरीला टांगलेली असे. ती झुलवायची आणि डोकं बाजूने काढायचं, मान वाकडी करून नाही, गुडघ्यातून. ठोशांना आकडे होते: १ जबड्यावर डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा), ५ लिव्हरवर डावा हुक, ७ जॅब. ठोसा मारला की डोकं जागेवर राहता कामा नये.

डिमाटो १९८५ मध्ये गेले. प्रशिक्षक केविन रूनीने तेच पुढे चालवलं, पण स्पिंक्सच्या लढतीनंतर त्यालाही काढलं. पुढच्या लढती बघा. ७ जवळजवळ गायब, एकेक मोठा ठोसा, आणि मारून झाल्यावर डोकं तिथल्या तिथे.

माहीमकर_३६: टोकियोतला टायसनचा कॉर्नरही, म्हणजे फेऱ्यांच्या मध्ये त्याला सांभाळणारी माणसंही बघा, साहेब. डावा डोळा सुजत होता आणि सूज दाबायची थंड लोखंडी पट्टीच त्यांच्याकडे नव्हती! रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्याला लावत होते. आपल्याकडे पापलेटसुद्धा याहून बऱ्या बर्फात जातं. गार धातूने घट्ट दाबलं की तिथलं रक्त कमी होऊन सूज आटोक्यात राहते, पाण्याच्या फुग्याने दाब बसत नाही. डावा डोळा मिटला की समोरच्याचा उजवा हात दिसत नाही, त्यात डग्लसच्या हातांची पोच १२ इंचांनी जास्त. १० व्या फेरीत खालून वर हनुवटीवर अपरकट, त्यावर चार ठोसे, खलास. ताकद मात्र गेली नव्हती, ८ व्या फेरीत टायसनने त्याला खाली पाडलंच होतं.

जुना_बेल्ट: 'वाया गेला' हे मला अर्धंच पटतं. ऑगस्ट १९८७ मध्ये, २१ व्या वर्षी, डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ या तिन्ही बॉक्सिंग संघटनांचे जगज्जेतेपदाचे बेल्ट त्याच्याकडे. एकत्र तिन्ही घेणारा पहिला हेवीवेट. जानेवारी १९८८ मध्ये माजी जगज्जेत्या लॅरी होम्सला चौथ्या फेरीत पाडलं, पण होम्स ३८ वर्षांचा आणि निवृत्तीतून परतलेला, तेही धरा. पुढे इव्हँडर हॉलिफिल्डकडून मात्र दोनदा हरला, दुसऱ्यांदा कान चावून बाद. नाव आहे ते त्या दोन-तीन वर्षांचं.

लालबागचा_डावखुरा: मग पोरांना टोकियोची दहावी फेरी दाखवतो.

कोपऱ्यातला_स्टूल: दहावी नको, पहिली दाखवा भाऊ. आवाज बंद करून टायसनचं डोकं मिनिटात किती वेळा हलतं ते मोजायला लावा, मग स्पिंक्सच्या लढतीत मोजा. आणि पिशवी टांगाल तेव्हा वाळू थोडीच भरा, गाठ पक्की मारा. जड पिशवी नाकावर आली की पोरं डोळे मिटायला शिकतात, ती सवय सुटत नाही.