वाफ वाढली म्हणून माण-खटाव भिजेल?

माणगंगा: समुद्र तापला की वाफ जास्त, वाफ जास्त तर पाऊस जास्त. साताऱ्याचे दुष्काळी तालुके माण-खटाव आपोआप भिजणार. तापमानवाढीच्या नावानं रडणं बंद करा.

हवापाणी: अर्धंच गणित मांडून लोकांना निर्धास्त करू नका. तापमान एका अंशानं वाढलं की हवेत मावणारी वाफ सुमारे ७ टक्के वाढते, जगाचा एकूण पाऊस मात्र २ ते ३ टक्केच. वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता वातावरणाला बाहेर टाकावी लागते, आणि तो वेग तितका वाढत नाही. म्हणून वाफ हवेत जास्त रेंगाळते नि कोसळते तेव्हा एकदम, तेही घाटमाथ्यावर. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पडला. घाट उतरून माणात येणारी हवा तापते, कोरडी होते. ३० अंशाला घनमीटरभर हवेत ३० ग्रॅम वाफ मावते, ३२ ला जवळपास ३४. हवेत १५ च ग्रॅम असेल तर वाफेची तूट १५ वरून १९ वर. ती भरायला हवा रानातली ओल ओढते.

आयर्विन ४५: ते राहू द्या. २०१९ ला सांगलीत पाणी ५७ फुटांवर गेलं ते वाफेनं? खाली कर्नाटकात कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचं बोला! त्याची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४ वर न्यायला निघालेत, आणि इथं ढगांचे हिशेब.

हवापाणी: उंची वाढवायला माझाही विरोधच आहे. पण पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीनं त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलेलं नाही. सांगलीच्या खाली, संगमावर हरिपूरला वारणा तुडुंब असली की कृष्णा पुढं सरकत नाही, सांगलीत तुंबते. कोयना धरण १०५ टीएमसीचं (अब्ज घनफूट), पण धरणाखाली पडलेला पाऊस त्याच्या दरवाजांनी अडत नाही.

आयर्विन ४५: समितीचे कागद सांगलीच्या गावभागात येऊन वाचून दाखवा! वारणेचं मान्य. पण नदीला उतारच कमी, पुढं पाणी अडवलं तर निचरा मंदावणारच. ऑगस्टात अलमट्टीची पातळी ५१७ मीटरच्या वर नको म्हणजे नको.

द्राक्षबाग: पुरावरच भांडताय, ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पावसाचं कोण बोलणार? फुलोऱ्यात घडात पाणी राहिलं की गळ-कूज. पानावर तेलकट पिवळा डाग, पालटलं की पांढरी बुरशी, म्हणजे डावणी रोग (केवडा) आला. आधी तारा हलवून पाणी झाडा, मग फवारा. ओल्या पानावरनं औषध ओघळून जातं.

माणगंगा: तुटीचं गणित मान्य करावंच लागतंय. मग माणनं करायचं काय?

हवापाणी: शेततळं पसरट नको, खोल घ्या. तळाच्या प्लास्टिक कागदानं झिरपा थांबतो, वाफ नाही. तिला वरून शेडनेट लागतं. सरीत पाचट पसरा आणि ठिबक दुपारी नको, पहाटे सोडा.