मदत हवी आहे: सहा इंची दुर्बिणीची नळी कशाची करावी?

नमस्कार मंडळी,

घरी सहा इंची डॉब्सोनियन (साध्या लाकडी बैठकीवर हाताने फिरवायची, आरशाची) दुर्बीण बनवायला घेतली आहे. आरसा एफ/८, म्हणजे नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या आठपट, साधारण १२०० मिमी. दोन्ही आरसे आणि नेत्रिका (डोळा लावायचं भिंग, आयपीस) हाताशी आहेत. गाडी अडली आहे नळीपाशी. राहतो मुलुंडला आणि खरं आकाश बघायला वांगणी गाठायची, तीही लोकलने. त्यामुळे नळी हलकी हवी आणि मुंबईच्या पावसाळ्यात टिकायलाही हवी.

पीव्हीसी पाइप सहज मिळतो, कुजत नाही. पण आरशाभोवती हवेला जागा ठेवायची तर आठ इंची पाइप लागतो, तो जड होतो. पातळ घेतला तर क्लॅम्प आवळताच लंबगोल होतो. पुठ्ठ्याची जाड नळी वजनाला उत्तम, पण आतून-बाहेरून व्हार्निश मारलं तरी कापलेल्या कडांमधून जुलैत ओल शिरणारच.

म्हणून माझा कल सांगाड्याच्या रचनेकडे आहे. खाली आरशाची पेटी, वर फोकसरची (नेत्रिका पुढे-मागे सरकवणाऱ्या भागाची) छोटी पेटी, दोन्ही ६ मिमी मरीन प्लायच्या, आणि मध्ये ॲल्युमिनियमचे आठ पाइप. सुटे करून पिशवीत भरता येतात. सपाट प्लायवर फोकसर बसवणंही गोल नळीपेक्षा सोपं. वरून काळ्या कापडाचा झगा घालीन, आतून शाळेच्या फळ्याचा काळा रंग देईन, चकाकी अजिबात नको. बैठकीला टेफ्लॉनचे तुकडे आणि त्यावर खरखरीत पोताचा सनमायका. गुळगुळीत सनमायकावर दुर्बीण आधी अडते आणि मग झटक्याने सरकते, गुरू नजरेतून निघून जातो.

आता नेमके प्रश्न:

पाइपांचे जोड कसे करावेत? दर वेळी खोलून जोडल्यावर आरसे पुन्हा जुळवावे लागणार, हे मान्य आहे. पण दुर्बीण वर-खाली फिरवताना जोड हलता कामा नयेत. पाइपाची टोकं चेपून भोक पाडावं, की लाकडी ठोकळ्यात पाइप घालून बोल्टने आवळावा? खाऱ्या हवेमुळे सगळे स्क्रू आणि बोल्ट स्टेनलेसचेच घेणार आहे. १९ मिमी व्यासाचा पाइप पुरेल का, की २५ मिमी घेऊ?

पावसाळ्यात मुख्य आरसा काढून सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवायचा आहे. तो सहज निघेल, पण खेळणार नाही, अशी खोबण कुणी केली आहे का?

मुंबईत किंवा कोकणात कुणी अशी दुर्बीण बांधली असेल तर जोडाचा जवळून काढलेला फोटो नक्की टाका. प्लाय कापायला सुताराकडे द्यायच्या आधी माप पक्कं करायचं आहे.