युद्ध जिंकल्यावर आधी पगार की आधी न्याय?

बर्डीकर
इंग्रज आणि नागपूरच्या भोसल्यांमधली सीताबर्डीची लढाई (२६-२७ नोव्हेंबर १८१७) दोन दिवसांत आटोपली, पण त्यानंतर इंग्रजांचा रेसिडेंट (दरबारातला प्रतिनिधी) जेन्किन्स याला अल्पवयीन राजा तिसऱ्या रघूजींच्या नावानं कैक वर्षं कारभार हाकावा लागला. लढाईवर आपण नागपूरकर तासन्‌तास बोलतो, कारभाराचं नाव नाही. माझं मत सरळ आहे: पहिल्या महिन्यात हरलेल्यांचे पगार बंद करू नका. इराक जिंकल्यावर अमेरिकेनं १६ मे २००३ ला सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार थरांतले लोक सरकारी नोकरीतून काढले आणि २३ मेला सैन्यच बरखास्त केलं. लाखो माणसं घरी बसली, बंदुकीसकट. भत्ता द्यायचं ठरलं तेव्हा महिना उलटला होता.

महालवाला
पगार द्या हो भाऊ, पण कोणाला? अफगाणिस्तानात सैनिकांचा हजेरीपट आणि पगाराची रोकड एकाच कमांडरच्या हाती होती. मग पटावर भुतं, म्हणजे नुसती कागदावरची माणसं, आलीच. पट, ओळख आणि वाटप ही तीन कामं तीन वेगळ्या माणसांकडे हवीत. बोटांचे ठसे घ्या, पैसे थेट खात्यात टाका. आणि जुनी माणसं ठेवा म्हणता, तर २००१ नंतर हेरातला इस्माईल खान आणि कंदाहारला गुल आगा शेरझई हे जुने सरदार ठेवलेच होते की! शेतीच्या बांधाचा तंटा कोर्टात कुजत पडला, मग लोक तालिबानच्या काझीकडे गेले. म्हणून आधी न्याय.

लोडशेडिंग
दोघंही विजेला विसरले. कोराडीच्या वीज केंद्रातल्या कोणालाही विचारा, औष्णिक संच नुसतं बटण दाबून उठत नाही. बॉयलरला पाणी देणारे फीड पंप, पंखे, कोळसा दळायच्या गिरण्या यांनाच आधी वीज लागते. म्हणून डिझेल जनरेटरवर छोटं गॅस टर्बाईन नाहीतर जलविद्युत संच उठवायचा, तिथून लाईन चार्ज करून मोठ्या केंद्राला वीज द्यायची. मग लोड थोडा थोडा जोडायचा. घाईनं अख्खं शहर जोडलं की फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्‌झच्या खाली कोसळते, संच ट्रिप होतो (आपोआप बंद पडतो), पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. इराकमध्ये तर तांब्यासाठी तारा चोरल्या, मनोरे पाडले. त्यात सद्दामच्या काळात बगदादला झुकतं माप होतं. नवी सत्ता सगळ्यांना सारखी वीज वाटू लागली आणि राजधानीच अंधारात गेली. न्याय्यच होतं ना, महालवाले? शिव्या मात्र बगदादनं दिल्या.

बर्डीकर
दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत जेत्यांनी लोकांकडून १३१ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला. नाझी शोधता शोधता कारकून कमी पडले आणि पुढे १९५१ च्या कायद्यानं बरेच जण परत कामावर आले. दुकानांत माल दिसला तो २० जून १९४८ ला नवा मार्क आल्यावर. सुरुवातीला माणशी ४० मार्क. पैशाला किंमत आली तशी लपवलेली पोती बाहेर निघाली.

महालवाला
तिथं नवं चलन यायच्या आधी न्युरेंबर्गला नाझी पुढाऱ्यांवर खटला झाला होता, हे सोयीस्कर विसरलात.

सदरवाली
१९७१ च्या युद्धानंतरचा बांगलादेश का नाही काढत? भारतीय फौज मार्च १९७२ मध्ये परतली. हार्डिंग या रेल्वे पुलाचा बारावा गाळा पद्मेत पडला होता, तो भारताच्या मदतीनं दुरुस्त होऊन ऑक्टोबर १९७२ मध्ये गाड्या धावल्या. चितगाव बंदरातले सुरुंग आणि बुडालेली जहाजं काढायला सोव्हिएत नौदल १९७४ पर्यंत राबत होतं. जहाज धक्क्याला लागल्याशिवाय धान्य उतरत नाही. पगार हातात असून बाजारात तांदूळच नसेल तर काय करणार, बर्डीकर?

बर्डीकर
बंदर आधी, मान्य. पण गोदीतल्या हमालांचा पगार त्याच दिवसापासून.