घाटातले काम आणि विमानाची वेळ : बर्फाकडे निघालेल्या कोकणवासीयांचे अनुभव

काश्मिरातले गुलमर्ग, उत्तराखंडातली औली किंवा हिमाचलातल्या सोलंगला स्कीइंगसाठी (पायाला पट्ट्या बांधून बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी) निघालेल्या कोकणी माणसाला दोनदा डोंगर ओलांडावा लागतो. विमानतळ गाठेपर्यंत आपले घाट आणि विमानातून उतरल्यावर हिमालयाचे. रस्ता रुंद करण्याचे काम दोन्हीकडे वर्षानुवर्षे चालू आहे. आपल्या मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाची सुरुवात 2011 मधली. विमान, निवास आणि प्रशिक्षण यांचे पैसे आपण काही महिने आधी भरून टाकतो, पण घराच्या दारापासून विमानतळापर्यंतच्या प्रवासाचा विचार आदल्या रात्री करतो. त्याची किंमत मी मोजली आहे, म्हणून हा धागा काढत आहे. सुरुवातीला आपले गाव, मग कोणता घाट, कोणते काम, किती वेळ गेला आणि पुढे काय केले, एवढे आवर्जून लिहावे. पहिला अनुभव माझाच.

चिपळूण. 25 एप्रिल 2022 पासून महिनाभर परशुराम घाट रोज दुपारी 12 ते 5 बंद ठेवला होता, कारण वर उभा डोंगर कापला जात होता आणि खाली वस्ती होती. गुलमर्गच्या गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावर, अफरवटच्या माथ्याकडे, एप्रिलअखेरही बर्फ मिळतो, म्हणून मुलीच्या सुट्टीत आम्ही निघालो होतो. मुंबईहून रात्रीचे विमान होते. घाट बंद असल्याची बातमी आम्ही वाचली होती. लहान गाड्यांना आंबडस-चिरणीमार्गे घाटापलीकडच्या लोट्याला निघता येते, हेही ठाऊक होते. त्या भरवशावर जेवून साडेबाराला घर सोडले. पण तो गावातला अरुंद रस्ता आहे आणि त्या दिवशी महामार्गावरची सगळी लहान वाहने त्यावर उतरली होती. एका चढावर समोरून एसटी आली, मागे रांग लागलेली, आणि कोणालाच मागे सरता येईना. शेवटी गावातल्या दोन तरुणांनी उतरून एकेक गाडी बाजूच्या मोकळ्या जागेत घेतली, तेव्हा वाट झाली. लोट्याला पोहोचलो तेव्हा घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. पुढे कशेडी घाट, मग माणगावची कोंडी. विमानतळावर पोहोचेपर्यंत सामान घेण्याचा कक्ष बंद झाला होता. दुसऱ्या दिवशीची तिकिटे पुन्हा पूर्ण दराने काढावी लागली आणि गुलमर्गच्या तीन दिवसांपैकी एक गेला. घाट पाच वाजेपर्यंत बंद असेल तर सकाळी नऊलाच तो ओलांडून पलीकडे जावे आणि उरलेला वेळ पनवेलला काढावा, हे आता आमच्या घरी ठरून गेले आहे.

वैभववाडी. आमच्याकडच्या करूळ घाटाचे काम 22 जानेवारी 2024 रोजी सुरू झाले आणि वाहतूक पूर्ण थांबली. आम्हा चौघांना फेब्रुवारीत गुलमर्गच्या स्कीइंग प्रशिक्षणासाठी ठरलेल्या दिवशीच हजर व्हायचे होते. त्या हिवाळ्यात काश्मिरात जानेवारी जवळजवळ कोरडा गेला होता, त्यामुळे बर्फ पडेल का, हीच चिंता आम्ही करत बसलो; घाटाकडे लक्ष गेले नाही. कोल्हापूरमार्गे पुणे विमानतळ गाठायचे होते. आता वाटा दोन उरल्या, भुईबावडा आणि फोंडा. भुईबावडा जवळचा, पण अरुंद. फोंडा लांबचा, पण रुंद. सहा फुटी स्कीच्या पिशव्या टपावर बांधलेल्या असल्यामुळे आमच्या चालकाकाकांनी फोंडा निवडला आणि ते बरोबरच ठरले. घरून चार तास आधी निघालो होतो, त्यातले अडीच तास वापरले गेले.

सावंतवाडी. आम्हाला गोव्याचा मोपा विमानतळ जवळ आहे. जानेवारी 2023 मध्ये तिथून विमाने सुरू झाल्यापासून घाट न चढता विमानतळ गाठता येतो, त्यामुळे आमचा खोळंबा झाला तो हिमाचलात. दिल्लीमार्गे चंदीगडला उतरून सोलंगकडे जाताना मंडी आणि पंडोह यांच्यामध्ये डोंगर कापण्यासाठी गाड्या थांबवल्या होत्या. अडीच तास गाडीतच बसून होतो. सासूबाईंना मधुमेह आहे, आणि जवळ खायला फक्त घरचे दोन लाडू होते. त्यानंतर प्रत्येक डोंगरी प्रवासात भाकरी, चटणी, केळी आणि पाणी डिकीत न ठेवता पायाशी ठेवते.

खेड. कशेडीचा दोन किलोमीटरचा बोगदा झाला, तेव्हा विमानतळाचा प्रवास सोपा झाला असे आम्ही धरून चाललो होतो. घाटाला चाळीस-पंचेचाळीस मिनिटे लागत, बोगद्यातून दहा. पण गणेशोत्सव 2023 मध्ये एक मार्गिका हलक्या वाहनांना उघडली आणि पुढे उरलेल्या कामासाठी ती पुन्हा बंद केली. म्हणून मी आजही वेळ जुन्या घाटाचाच धरतो.

माझा खरा अनुभव मात्र परतीचा आहे. बर्फामुळे श्रीनगरचे विमान रद्द झाले आणि जम्मूहून विमान पकडायचे ठरवून आम्ही रस्त्याने निघालो. काझीगुंड-बनिहालचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा सरळ पार झाला. खरी परीक्षा बनिहाल ते रामबन या टप्प्यात होती. एकीकडे चौपदरीकरणासाठी कापलेला डोंगर, वरून सुटणारे दगड, खाली खोल दरी. वाहतूक पोलीस आळीपाळीने एकेक बाजू सोडत होते. ती उभी कापणी पाहून मला परशुराम घाटाची आठवण झाली. आपल्याकडे पावसाचे पाणी मातीत मुरते आणि दरड येते. तिथे ठिसूळ खडक थंडीपावसात सुटतो. दुसऱ्या दिवशी रस्ता चालू राहील की नाही, याची सूचना तिथले वाहतूक पोलीस आदल्या संध्याकाळी रोज प्रसिद्ध करतात. आपल्या घाटांसाठीही अशी रोजची सूचना एका ठिकाणी मिळाली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. आज आपल्याला वर्तमानपत्र, पोलीस चौकी आणि घाटाखालचा टपरीवाला, असे तिन्हीकडे विचारावे लागते.

महाड. मी विमानतळाची भाडी मारतो, त्यामुळे चालकाच्या बाजूने लिहितो. प्रवासी मला विमान किती वाजता आहे ते सांगतात. सामान किती आणि कोणत्या आकाराचे, हे सांगत नाहीत. स्कीची पिशवी टपावर बांधली की एकेरी वाहतुकीच्या खड्ड्यांत गाडी फार हळू न्यावी लागते. 2016 च्या ऑगस्टमध्ये सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला, त्या रात्रीपासून रस्ता उघडा आहे एवढ्यावर मी विसंबत नाही. निघण्यापूर्वी पुढे गेलेल्या चालकाला फोन करतो. पावसाळा नसला तरी करतो, कारण सुरुंगाची आणि कातळ फोडण्याची कामे कोरड्या दिवसांतच होतात आणि स्कीइंगचे दिवसही तेच. भाडे ठरवताना थांबण्याचे पैसेही बोलून घ्यावेत, म्हणजे घाटात वाद होत नाही.

रत्नागिरी. आम्ही येत्या जानेवारीत औलीला जात आहोत. डेहराडूनला उतरून जोशीमठापर्यंत पूर्ण दिवसाचा डोंगरी रस्ता आहे. वरचे अनुभव वाचून दोन बदल केले. मुंबईपर्यंत गाडीने न जाता आदल्या दिवशी कोकण रेल्वेने ठाण्याला उतरून बहिणीकडे मुक्काम करणार आहोत, आणि परतीच्या विमानाआधीची रात्र जोशीमठाऐवजी ऋषिकेशला काढणार आहोत. जोशीमठ-ऋषिकेश रस्त्यावर सध्या कुठे काम चालू आहे, हे कोणी नुकतेच जाऊन आले असल्यास कृपया लिहावे.