येस बँक वाचली, म्हणजे नेमके कोण वाचले?

जमाखर्च: मार्च २०२० मध्ये येस बँकेला वाचवण्यात आले, असे आपण म्हणतो, परंतु त्याच वेळी तिचे सुमारे ८,४०० कोटी रुपयांचे रोखे शून्यावर आणले गेले आणि शंभराहून अधिक शेअर असलेल्यांचे तीन चतुर्थांश शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. बँक तरते आणि तिला भांडवल पुरवणारे बुडतात, याला मदत कसे म्हणायचे? जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.

ताळेबंद: संस्था आणि तिचे मालक यांना वेगळे धरले की गुंता सुटतो. ५ मार्चला निर्बंध आले तेव्हा खातेदाराला ५०,००० रुपयांच्या वर रक्कम काढता येईना आणि या बँकेच्या यंत्रणेवर चालणारे फोनपेही अडकले. वाचवायचे होते ते हे व्यवहार आणि ठेवी. स्टेट बँकेने १० रुपये दराने ६०५ कोटी शेअर घेऊन ६,०५० कोटी घातले, एचडीएफसी, आयसीआयसीआय, अ‍ॅक्सिस, कोटक इत्यादींची भर पडून १०,००० कोटी जमले आणि १८ मार्चला निर्बंध उठले. तोटा मात्र कोणाला तरी सोसावाच लागतो. ते रोखे मुदत नसलेले आणि जादा व्याजाचे होते, ते व्याज याच जोखमीपोटी मिळत होते. खरा वाद निराळाच आहे: शेअर पूर्ण रद्द न करता रोखे आधी रद्द केले, म्हणजे मालकांच्या आधी कर्ज देणारे बुडाले, आणि तसा अधिकार रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या प्रशासकाला होता का? मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ते रद्दीकरण अवैध ठरवले, पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. स्टेट बँकेचे म्हणाल तर तिने २०२५ मध्ये सुमारे १३ टक्के हिस्सा एका जपानी बँकेला ८,८८९ कोटींना विकला. तेव्हा हे दान नव्हते.

भांडुपकर: याच मुंबईत सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले, तेव्हा पैसे काढण्याची पहिली मर्यादा होती १,००० रुपये! तिच्यासाठी कोणी १०,००० कोटी उभे केले नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली; पाच लाखांपर्यंतची ठेव विम्यातून मिळाली, त्यावरची रक्कम वर्षानुवर्षांच्या हप्त्यांवर गेली. मोठी बँक पडली तर इतर बँकाही हादरतात, हा युक्तिवाद मला समजतो. तरीही निवृत्तीची पुंजी ठेवणाऱ्याने बँक निवडताना ती ‘पडू न देण्याइतकी मोठी’ आहे का, हे पाहायचे, ही व्यवस्था न्याय्य वाटत नाही.

गळीत हंगाम: साखरपट्ट्यात ही मदत थकहमीच्या रूपाने येते. राष्ट्रीय सहकार विकास निगम किंवा एखादी बँक कारखान्याला कर्ज देते आणि कारखान्याने ते फेडले नाही तर राज्य शासन फेडेल, अशी हमी असते. त्या दिवशी तिजोरीतून एक रुपयाही जात नाही, म्हणून ती स्वस्त भासते. काट्यावर ऊस घालून एफआरपीची, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान ऊसदराची, वाट पाहणाऱ्या सभासदाला कारखाना चालू राहणे हवेच असते. माझा आक्षेप एवढाच, की येस बँकेचे निदान संचालक मंडळ बरखास्त झाले. आमच्याकडे तोटा करणारे आणि थकहमीचा प्रस्ताव घेऊन मंत्रालयात जाणारे बहुधा तेच असतात.

जमाखर्च: आभार. मग व्होडाफोन आयडियाला कोणत्या रकान्यात बसवायचे?

ताळेबंद: तेथे कंपनीत नवा पैसा गेलाच नाही. कंपनीकडून सरकारचे जे येणे होते त्याच्या बदल्यात सरकारला शेअर मिळाले: २०२३ मध्ये १६,१३३ कोटींचे आणि २०२५ मध्ये ३६,९५० कोटींचे, ज्यामुळे सरकारचा हिस्सा सुमारे ४९ टक्क्यांवर गेला. दुसऱ्या वेळी बाजारभाव सात रुपयांच्या आसपास असताना सरकारने १० रुपये दर धरला, कारण कंपनीला दर्शनी मूल्याखाली, म्हणजे शेअरच्या १० रुपये या मूळ नोंदलेल्या किमतीखाली, नवे शेअर देता येत नाहीत. जिओ आणि एअरटेल या दोनच खासगी कंपन्या उरू नयेत, हा हेतू उघड आहे. ग्राहकाच्या दृष्टीने तो मला पटतो. परंतु यामुळे देणे कमी झाले, हातात रोकड आली नाही, आणि टॉवर वाढवायचे तर भांडवल बाहेरूनच आणावे लागते.